जर्मनचा पेला

आप्पा, आज शनिवार आहे आणि मी मनुका उकळायला ठेवली आहे. उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे देवळात प्रभुभोजन, भाकर आणि या मनुकांच्या रसाचा एकेक घोट. तुम्ही करायचात तसंच करते अजून. काळी मनुका निवडायची, देठ काढायचे, तीन पाण्यांतून धुवायची, भिजवायची, मंद आचेवर शिजू द्यायची आणि मग सुती फडक्यातून पिळून घ्यायची. साखर नाही. तुम्ही म्हणायचात, "मनुका गोड असतीयाच. तिला आणिक साकर घालायची म्हंजी देवावर इस्वास न्हाय." आता बाजारात रसाची तयार बाटली मिळते. माझा लेक दर महिन्याला म्हणतो, आई, कशाला तासभर गॅसपाशी उभी राहतेस? पण मला हा तास लागतो. आज जरा जास्तच लागतो आहे, कारण तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही समोर असताना ती सांगायची माझी छाती झाली नसती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस तुमच्यापेक्षा पांढरे झालेत, नोकरीतून रिटायर होऊन बसले, तरी चूक कबूल करताना हात अजून आपोआप कानाकडं जातो.

गोष्ट आपल्या पेल्याची आहे. गेले तीन महिने तो देवळात वापरात नाही. माझ्या ट्रंकेत होता, तुमच्या जुन्या पंच्यात गुंडाळलेला. आणि तो वापरातून काढला मी. दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलता आलं असतं तर ढकललं असतं, तुम्ही मला ओळखता.

तुम्ही आचारी होतात त्या मिशनच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात मी आजही डोळे मिटून चालू शकेन. आत गेलं की डाव्या हाताला लाकडांचा ढीग, समोर दोन थोरल्या चुली, भिंत वरपर्यंत काळी, आणि त्या काळ्यात तुमची पांढरी बंडी तेवढी हलताना दिसायची. आई भाकरी थापायची, तुम्ही भाजायचात. एकमेकांशी दिवसभर भांडायचात आणि भाकरी मात्र एकही करपायची नाही. बोर्डिंगची पोरं तुम्हाला भ्यायची, कारण ताटात तुकडा टाकून कुणी उठलं की तुम्ही कालवण वाढायचं वगराळं घेऊन मागं लागायचात. आणि तीच पोरं अंगात ताप भरला की पाळकसाहेबांकडं न जाता तुमच्या चुलीपाशी येऊन झोपायची. रविवारी सकाळी आधी सगळ्यांचं कालवण चुलीवर चढायचं, मग तुम्ही हात धुऊन, टोपी झटकून, ढोलकी काखेत मारून हॉलात जायचात. तेव्हा आपल्या मंडळीला वेगळं देऊळ नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्याही आधीचे दिवस ते. जेवणाच्या हॉलातच सतरंज्या टाकायच्या आणि उपासना करायची, त्यामुळं माझ्यासाठी देवाच्या घराला कायम फोडणीचा वास आहे.

पाळकसाहेबांकडं प्रभुभोजनासाठी काचेचा एक उंच पेला होता, जुन्या मिशनवाल्यांनी मागं ठेवलेला. एका रविवारी तो ऐन टेबलावरून घसरला आणि फुटला. ख्रिस्ती माणसानं अपशकुन मानायचा नसतो म्हणून कुणी काही बोललं नाही, पण वाटला सगळ्यांना. तेव्हा तुम्ही उठलात, स्वयंपाकघरात गेलात आणि तुमचा स्वतःचा पाणी प्यायचा पेला घेऊन आलात. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, ठिकठिकाणी पोचे आलेला, आणि कडेच्या खाली बोटभर अंतरावर एक भोक. पाळकसाहेब त्या पेल्याकडं बघत म्हणाले, "हा?" तुम्ही म्हणालात, "ह्योच. धुतलेला हाय." बस्स. पुढं कुणीतरी चकचकीत नवा पेला भेट म्हणून दिला, तोही लग्नाकार्यातच वापरला गेला. प्रभुभोजनाला मंडळी म्हणायची, आपला तोच काढा.

त्या भोकाची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की नवीन माणूसच काय ते विचारायचं. भोकाच्या वर भरला की रस बाहेर, म्हणून भोकाच्या खालीच भरायचा. भोकाच्या बाजूनं तोंड लावलं तर हनुवटीवर धार, म्हणून पाळकसाहेब भोकावर अंगठा दाबून पेला धरायचे आणि प्रत्येकानं समोरच्याच कडेला ओठ लावायचे. दुसऱ्या देवळांत पेला पुसून, जरासा फिरवून पुढच्याला देतात असं मी नर्सिंगला गेल्यावर पाहिलं. आपल्याकडं फिरवायची सोयच नव्हती. पुढच्यानं जिथं ओठ टेकले, तिथंच मागच्यानं. लहान पोरं तुम्हाला विचारायची, आप्पा, भोक कशाला? तुम्ही दरवेळी वेगळं सांगायचात. एकाला म्हणालात, उंदरानं कुरतडलं. त्यानं विचारलं, जर्मन? तुम्ही म्हणालात, "बोर्डिंगचा उंदीर हाय, उपाशी."

खरं काय ते मला सांगितलंत, आणि तेही रागावून. मी पंधरा वर्षांची होते, पहिल्यांदाच प्रभुभोजन घेणार होते, आईनं शिवलेली नवी ओढणी अंगावर. बायकांच्या रांगेत माझ्या पुढं ती म्हातारी आजी बसली होती, बोर्डिंगचं अंगण झाडणारी. ती दिवसभर मिसरी लावायची, ओठ कायम काळे. पेला तिच्याकडून माझ्याकडं आला, कडेला तपकिरी ओल होती. पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते. मी ओढणीच्या टोकानं कड पुसली आणि प्यायले. वाटलं, कुणी पाहिलं नाही. तुम्ही पुरुषांच्या रांगेत ढोलकी मांडीवर घेऊन बसला होतात, पण तुमची नजर म्हणजे दुधावरची, उतू जायच्या आत पोहोचणारी.

उपासना झाल्यावर स्वयंपाकघरात बोलावलंत. "वढणी दाव." मी दाखवली. टोकाला डाग होता. "कुनाचं ह्ये?" मी म्हटलं, "आजीचं. मिसरीचं. किळस आली म्हणून..." तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही पेला हातात दिलात आणि म्हणालात, "करंगळी घाल ह्या भोकात." मी घातली, अर्ध्या नखापर्यंत गेली. मग चुलीतलं लाकूड मागं ओढत तुम्ही सांगायला लागलात. तो आवाज माझ्या कानात तसाच आहे.

"आपल्या गावात, माकणीच्या वाटंला, यष्टी थांबायची तितं हॉटेल हुतं. आत बाकडी. बाकड्यावर बसनारे कपबशीत पेयाचे. आपल्या लोकाचा ह्यो पेला भाईर, छपराच्या मेढीला तारंत ववलेला. तार ववायसाठी खिळा ठोकून भोक पाडल्यालं. च्या पेयाचा झाला तर आपूनच काढायचा, खाली धरायचा, त्यो वरनं वतनार. आपल्याला शिवनार न्हाय, पेल्याला शिवनार न्हाय. पिऊन झालं की आपूनच इसळायचा अन् तारंला अडकवायचा. माझ्या बापानं आयुष्यभर अडकवला."

मी विचारलं, "मग तुमच्याकडं कसा आला?"

"मिसरूड फुटलं हुतं तवा मला. एक दिस च्या पिलो, पेला इसळला, तार धरली, अन् हात वर जाईचना. काय करावं? अंगरख्यात घातला अन् उमरग्याची वाट धरली. मागनं त्यो वरडतोय, चोर, चोर! व्हय बाबा, चोर. चोरीचा माल हाय ह्यो, अन् ठिवलाय कुटं, तर देवाच्या टेबलावर." आणि तुम्ही हसायला लागलात, धुरानं ठसका लागेपर्यंत हसलात. डोळे पुसलेत. ते धुरानं भरले होते की कशानं, मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कळलं तरी काय उपयोग. मग म्हणालात, "आपला देव भर उन्हात तहानला तवा पानी कुनाकडं मागितलं त्यानं? जिच्या हातचं कुनी पीत नव्हतं तिच्याकडं. अन् तू आजीचं पुसतीस व्हय? ह्या पेल्याचं गुपित कुनाला सांगू नगंस. पर पुसू बी नगंस." त्या दिवशी तुम्ही आजीला आणि मला एकाच ताटात वाढलंत. आजीला काहीच माहीत नव्हतं, तिनं उलट कालवणातला चांगला बटाटा माझ्याकडं सरकवला.

आप्पा, आताचं देऊळ बघाल तर टोपी हातात घेऊन दारातच उभे राहाल. खाली फरशी, वर पंखे, समोर भिंतीवर मोठा पडदा, त्यावर गाण्यांचे शब्द उमटतात. पुस्तकाची पानं चाळायची गरज नाही. तुमचा नातू कीबोर्ड वाजवतो, त्याचा मित्र ड्रम. "सलाम" म्हणणारे आम्ही चार म्हातारे उरलो, बाकी सगळे "प्रेज द लॉर्ड." मोबाइलवर मंडळीचा ग्रुप आहे, पहाटे पाचपासून त्यावर फुलांची चित्रं आणि आशीर्वाद यायला लागतात, इतके आशीर्वाद की फोन गरम होतो. तुम्ही पहिल्या रविवारी कुरकुर केली असती, दुसऱ्या रविवारी ड्रमवाल्याशेजारी जाऊन बसला असतात आणि तिसऱ्या रविवारी त्याला म्हणाला असतात, "सर बाजूला, जरा म्या बघतो." मला पोरांचं ते गाणं आवडतं, खोटं कशाला बोलू. देवाला ढोलकी चालत होती तर ड्रमही चालेल.

मंडळीत आता शिक्षक आहेत, कंपाउंडर आहेत, बँकेतले आहेत. कुणाला कुठं वरून ओतून घ्यावं लागत नाही. निदान हॉटेलात तरी. कागदांचं मात्र त्रांगडं आहे. शाळेच्या दाखल्यावर जुनी जात लिहिलेली, देवळाच्या रजिस्टरात ख्रिस्ती, आणि पोरांना कॉलेजचा फॉर्म भरताना घाम फुटतो. बाप्तिस्मा घेतला म्हणून आपल्याला हिणवायचं कुणी थांबलं नाही, सवलत तेवढी थांबली, असं आपले लोक कडवटपणे म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. त्यात आता नवी धास्ती. देवळात कुणी अनोळखी माणूस येऊन बसलं की आनंद व्हायच्या आधी भीतीच वाटते. उद्या कुणी व्हिडिओ काढला आणि म्हणालं, बघा, फसवून बाटवतायत, तर? म्हणून नवीन माणसाला आपण हसून "या, बसा" म्हणतो खरं, पण नजर दाराकडं असते. ज्या लोकांसाठी कुणीतरी एकेकाळी दार उघडलं, तेच आता दाराची कडी धरून बसलेत. हे मी दुसऱ्यांबद्दल बोलते आहे असं समजू नका.

ज्या बाईवरून हे सगळं झालं ती गावाबाहेरच्या पारध्यांच्या वस्तीवरची, पेढी म्हणतात त्यांच्या वस्तीला. हायवेलगतच्या ज्या दवाखान्यात मी शेवटची काही वर्षं नोकरी केली, तिथं तिची सून बाळंत झाली. रात्रभर बिचारी व्हरांड्यात बसून होती. सकाळी मी आमचा चहा आला तसा तिलाही दिला, दवाखान्याच्याच कपात. ती चहा प्यायली, नळावर कप धुतला आणि तो हातात धरून इकडं तिकडं बघत राहिली. मी विचारलं, काय हुडकताय? ती म्हणाली, "भाईर कुटं ठिवायचा ह्यो?" मी तिच्या हातातून कप घेतला आणि आत आमच्या कपांत ठेवला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, पाठीमागं कामाची रांग लागली होती. पण पुढच्या रविवारी ती देवळाच्या मागच्या सतरंजीवर येऊन बसली. माझ्या मागं मागं विचारत आली होती. मी म्हटलं, कशाला आलात? ती म्हणाली, "तुमी कप आत ठिवला. म्हनलं, ज्यांचा देव कप आत ठिवतो, त्यांच्याकडं जाऊन बगावं."

दोन वर्षं ती मागं बसली. टाळ्या वाजवायची, शब्द येत नव्हते तरी गायची. तालुक्यात कुठंही चोरी झाली की आधी त्यांच्या पालावर जीप जाते, तिच्या नवऱ्याला उचलून नेतात आणि चार दिवसांनी सोडतात. अशा आठवड्यात ती रविवारी यायची आणि डोळे मिटून नुसती बसायची. मग तिनं स्वतःच बाप्तिस्मा मागितला. पाळकसाहेब, आताचे, तरुण आहेत, चांगले आहेत, पण घाबरले. म्हणाले, बाई, नीट विचार करा, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "सायेब, लोक मला जल्मापासनं चोर म्हनत्यात. आता आणिक काय म्हनतील?" साडेचार महिन्यांपूर्वी तिचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच्या पुढच्या पहिल्या रविवारी ती प्रभुभोजनाला बायकांच्या रांगेत बसली. नेमकी माझ्या पुढं. नवं लुगडं, तेल लावून चापून बसवलेले केस. पेला तिच्याकडून माझ्याकडं आला. मी पुसला नाही, आप्पा. तुमचा शब्द पाळला. पेला घेतला आणि पुढं दिला.

उपासनेनंतर मंडळीच्या पंचांची बैठक होती, बिस्किटं आणि चहा. मीच विषय काढला. म्हटलं, आता काळ बदललाय, एकाच पेल्यातून सगळ्यांनी पिणं आरोग्याला बरं नाही, मी नर्स आहे, मला कळतं. आप्पा, कोरोनाच्या दिवसांत देऊळच बंद होतं. देऊळ उघडल्यावर आम्ही तोच पेला पुन्हा काढला होता आणि इतकी वर्षं सुखानं प्यायलो होतो. तेव्हा माझ्या नर्सिंगला जंतू आठवले नव्हते. पण बैठकीत सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. नाताळच्या जेवणात वांग्याची भाजी की बटाट्याची यावर ज्यांचं तास तास एकमत होत नाही, त्यांचं अर्ध्या मिनिटात झालं. कुणी तिचं नाव घेतलं नाही. घ्यावंच लागलं नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तशातली गत. एक पंच तेवढे बोलून गेले, "आन् त्यो जुना पेला बी आता हितं उगड्यावर नको. नवी नवी मानसं येत्यात. एकाद्या दिवशी जाईल." आणि मी, तुमची लेक, जिला तो पेला कुठून आला ते माहीत आहे, मूग गिळून बसले. चोरून आणलेला पेला चोरीला जाईल म्हणून तुमच्या मंडळीला काळजी! तुम्ही असता तर हसून हसून बाकड्यावरून खाली पडला असतात. मी म्हटलं, बरं, मी घरी नेऊन ठेवते. लेकाला सांगून प्लास्टिकचे बारके कप मागवले, औषधाच्या बाटलीबरोबर मिळतात तेवढे.

दोन महिने त्या कपांचा ट्रे फिरला. त्या बाईनं दोन्ही वेळा कप घेतला, प्यायली, काही बोलली नाही. मी मनात म्हटलं, चला, कुणाला काही कळलं नाही. गेल्या महिन्यात ट्रे तिच्यापर्यंत आला आणि तिनं पिशवीत हात घातला. स्वच्छ धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा ग्लास काढला, घरचा. तो दोन्ही हातांत धरून तिनं खाली केला, छातीच्याही खाली, आणि पाळकसाहेबांना हळूच म्हणाली, "वरनं वता सायेब." कीबोर्ड वाजत होता. माझ्या लेकाचं लक्ष पडद्याकडं होतं. पाळकसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला, पण ट्रे हातात, मागं रांग, करणार काय? त्यांनी एक बारका कप तिच्या ग्लासात ओतला. वरून. ती प्यायली, ग्लास फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. मी तिच्या मागं बसले होते. माझ्या डोळ्यांपुढं ती मेढ आली आणि ती तार आली, जी मी कधीच पाहिली नाही.

नंतर हात धुवायच्या नळापाशी ती माझ्याकडं आली. मला वाटलं, आता बोलणार चार शब्द. बोलली असती तर बरं झालं असतं. ती मला समजावत होती, आप्पा. म्हणाली, "ताई, तुमचा जुना पेला काडा पुन्ना. लोकास्नी त्यो लई आवडायचा, म्या बगितलंय. माझ्यापायी त्ये बारकं कप आनाया लागलं. म्या माझा गिलास आनत जाईन की. त्यात काय?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच तिला वाटत होतं की ती आमची अडचण सोडवते आहे. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "बघू." तोंडातून एवढंच निघालं. घरी आले आणि जेवले नाही. लेक म्हणाला, आई, काय झालं? मी म्हटलं, पित्त झालंय. खोटं बोलायची सवय लागली की ती सुटत नाही.

काल शुक्रवारी मी पेढीवर गेले. पायी गेले, लेकाला गाडी काढू दिली नाही. ती पालापुढं बसून तांदूळ निवडत होती. नातू मांडीवर, तोच, आमच्या दवाखान्यात जन्मलेला. मी तिला सांगितलं, रविवारी ग्लास आणू नका, जुना पेला परत टेबलावर येणार आहे. ती म्हणाली, "मग म्या कशातनं पिऊ?" मी म्हटलं, सगळे पितात त्यातनंच. तिनं सूप खाली ठेवलं आणि मला न्याहाळलं. इतक्या वर्षांत माणसांची पारख तिला माझ्यापेक्षा जास्त आली असणार. शेवटी म्हणाली, "बगते." येते म्हणाली नाही. मला वाईट वाटायला नको होतं, पण वाटलं. मी तरी दुसरं काय ऐकायच्या लायकीची होते?

तिथूनच मी पाळकसाहेबांना फोन केला. म्हटलं, रविवारी प्रभुभोजनाआधी मला दोन मिनिटं बोलायला द्या, पेल्याबद्दल सांगायचंय. ते म्हणाले, काय सांगायचंय? मी म्हटलं, तो चोरीचा आहे. ते म्हणाले, "मावशी, दोन नाही, दहा मिनिटं घ्या." कुणाला सांगू नगंस, असं तुम्ही बजावलं होतंत, आणि तो शब्द मी उद्या मोडणार आहे. रागवा. पण मी ते गुपित इतकी वर्षं दागिन्यासारखं जपलं आणि नेमकं ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी जपूनच ठेवलं. अशा जपण्याला काय अर्थ आहे? पंचांचा चेहरा कसा होईल याची मला थोडी मजाही वाटते आहे, तेवढी माझ्यात तुमची खोड आहे. ती आली तर तिच्यासमोर सांगीन. नाही आली तर पेला घेऊन परत पेढीवर जाईन, पाळकसाहेबांना सोबत नेईन. ते येतील असं वाटतं.

सकाळी पेला काढला. राखेनं घासला, तुमच्यासारखा आतून बाहेरून. राख मिळवायला शेजारच्या हॉटेलवाल्याकडं जावं लागलं, आता कुणाच्या घरात चूल आहे? करंगळी भोकात घालून पाहिली. सांधे सुजलेत, आता नखही आत जात नाही. मनुका गार झाली आहे, गाळून घेते. पेला बाहेर आला, त्यामुळं ट्रंकेत तुमचा पंचा मोकळा पडलाय, त्यात हे कागद गुंडाळून ठेवते. दुसरीकडं कुठं पाठवणार?

एक राहिलंच. वर मी लिहिलं की तिच्याकडून पेला आला तेव्हा मी पुसला नाही, तुमचा शब्द पाळला. ते खरं आहे. पुसायची गरजच पडली नाही, आप्पा. मी प्यायलेच नव्हते. ओठ घट्ट मिटून पेला नुसता तोंडाला लावला, पुढं दिला, आणि आमेन मात्र सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.